रायझन ५ ५६००जी आणि त्याच्या भोवतीचं बिऱ्हाड: कान देऊन केलेलं परीक्षण

मी ध्वनिपुस्तकांना आवाज देते. वाचून झालं की त्यातले श्वास, अडखळणं, ओठांचे चटकारे कापण्याचं कामही माझंच. त्यामुळे कॉम्प्युटरकडून माझ्या अपेक्षा दोनच आहेत. मी माइकसमोर असताना त्याने तोंड उघडू नये आणि मी संकलनाला बसले की मला ताटकळत ठेवू नये. बाजारातली बहुतेक परीक्षणं गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम मिळाल्या हे सांगतात. माझ्या दृष्टीने तो आकडा असून नसल्यासारखा. म्हणून हे परीक्षण वेगळ्या अंगाने.

मशीन असं आहे: एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा (प्रोसेसर आणि बाकी भाग यांच्यातल्या दुव्याच्या चिपचा) लहान, मायक्रो-एटीएक्स मापाचा मदरबोर्ड, डीडीआर४-३२०० रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (हलणारा भाग नसलेली, चिपवरची वेगवान साठवण), जुन्या मशीनमधून काढलेली ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क, ४५० वॉटचा, कार्यक्षमतेचा ब्राँझ शिक्का असलेला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि कॅबिनेटला पुढे-मागे १२० मिलिमीटरचे दोन पंखे. ग्राफिक्स कार्ड मुद्दाम घेतलेलं नाही. प्रोसेसर सोडून बाकी भागांच्या कंपन्या सांगत बसत नाही. त्या-त्या जातीचे भाग अनेक कंपन्या जवळपास सारखेच बनवतात, आणि मला बोलायचंय ते जातीबद्दल.

आधी प्रोसेसर. ५६००जी हा २०२१ साली सुटा विकायला आला. ७ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेला, ६ कोअर (सूचना पाळणारे स्वतंत्र विभाग), १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे), मूळ वेग ३.९ गिगाहर्ट्झ आणि गरज पडली की ४.४ पर्यंत चढणारा. नावात 'जी' नसलेला त्याचा भाऊ ५६०० हा २०२२ मध्ये आला. दोघांचे कोअर एकाच घराण्यातले, पण जी नसलेल्यात ३२ एमबी एल-थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, चपळ मेमरी) आहे, आपल्यात १६. त्याच्यात पीसीआय एक्स्प्रेसची (एसएसडी, ग्राफिक्स कार्ड वगैरे जोडणाऱ्या मार्गाची) चौथी पिढी आहे, आपल्यात तिसरी. त्या बदल्यात आपल्याला त्याच चिपवर ग्राफिक्स मिळतं. माझ्यासाठी हा सौदा सरळ होता: वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही म्हणजे त्याचे दोन-तीन पंखेही नाहीत.

कोअर करतो काय? पुढची सूचना उचलतो, तिचा अर्थ लावतो, अंमल करतो, उत्तर ठेवतो. ४ गिगाहर्ट्झला प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला ४०० कोटी ठोके देतं आणि एका ठोक्यात अनेक सूचना एकदम वाटेला लागलेल्या असतात. गणित करण्याच्या बाबतीत आजचा कुठलाही प्रोसेसर माझ्या कामाला पुरून उरतो. तो अडतो तो गणितात नाही, गणितासाठी लागणारे आकडे हातात यायला उशीर होतो तिथे. मशीन 'स्लो' आहे असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा प्रोसेसर रिकामा बसून कशाची तरी वाट पाहत असतो.

ही वाट किती मोठी असते ते कळावं म्हणून मी एकदा हिशोब मांडला. ४ गिगाहर्ट्झच्या एका ठोक्याला पाव नॅनोसेकंद लागतो. तो ठोका एक सेकंदाचा आहे असं धरा. मग कोअरला अगदी लागून असलेल्या एल-वन कॅशमधून आकडा यायला चार सेकंद लागतात. एल-टूमधून बारा, एल-थ्रीमधून चाळीसेक. कॅशमध्ये सापडलं नाही आणि रॅमपर्यंत जावं लागलं, तर साधारण ८० नॅनोसेकंद, म्हणजे या मापाने पाच मिनिटांच्या वर. रॅममध्येही नाही, एसएसडीवर आहे? ८० मायक्रोसेकंद धरले तर पावणेचार दिवस. आणि हार्ड डिस्क? डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला आठेक मिलिसेकंद आणि हवा तो भाग डोक्याखाली येईपर्यंत तबकडीचा सरासरी अर्धा फेरा, ४.१७ मिलिसेकंद. एकूण बारा मिलिसेकंद. आपल्या मापाने ते होतं दीड वर्ष.

चार सेकंद, पाच मिनिटं, पावणेचार दिवस, दीड वर्ष. मशीन निवडताना मी हा क्रम डोळ्यांसमोर ठेवला होता. प्रोसेसर ४.४ ऐवजी ४.६ गिगाहर्ट्झचा घेतला तर पहिल्या पायरीवर चिमूटभर फरक पडतो. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलं की दीड वर्षाचे चार दिवस होतात. तरीही दुकानातल्या पाटीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात प्रोसेसरचंच नाव असतं.

एल-थ्री कॅश निम्मी असल्याचा तोटा गेममध्ये स्पष्ट दिसतो, कारण तिथे ग्राफिक्स कार्डाला कामं पुरवताना प्रोसेसर रॅममध्ये इकडून तिकडे सारखा उड्या मारत असतो. ध्वनीचं काम सरळ रेषेत चालतं: हा नमुना (आवाजाचं एका क्षणाचं माप) झाला की त्याला लागून पुढचा. पुढे काय लागणार याचा अंदाज प्रोसेसर स्वतःच बांधतो आणि आकडे आधीच मागवून ठेवतो. खरखर काढणारी दोन-तीन प्लगिन्स, कॉम्प्रेसर, इक्वलायझर असं सगळं एका ट्रॅकवर लावून मी काम करते, आणि प्रोसेसरचा मीटर निम्म्यावरही जात नाही.

रॅमबद्दल मात्र मी हट्टाने बोलणार आहे, कारण ५६००जीच्या बाबतीत इथे कंजुषी केली की अर्धं मशीन वाया जातं. रॅमच्या प्रत्येक बिटसाठी एक सूक्ष्म कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर असतो. कपॅसिटरमधला भार गळत राहतो, म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून परत भरावी लागते. हे काम अव्याहत चालू असतं, आणि वीज गेली की थांबतं. सेव्ह न केलेलं काम जातं ते याच कारणाने. आता ३२०० हा आकडा घ्या. सेकंदाला ३२० कोटी वेळा माहितीची देवाणघेवाण, दर वेळी ८ बाइट. एका चॅनेलला हे होतात २५.६ जीबी, दोन पट्ट्या दोन चॅनेलवर लावल्या तर ५१.२. चिपवरच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅममधून हिस्सा घेतं. त्यामुळे १६ जीबीची एकच पट्टी घेतली तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांना एकाच चॅनेलवर दाटीवाटी करावी लागते. दोन पट्ट्याच घ्या. चार जागा असलेल्या बोर्डावर त्या बहुधा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या जागी बसतात. शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर जाण्याची शक्यता असते. बोर्डाच्या पुस्तिकेत आकृती असते, ती बघा.

आणखी एक. ३२०० ची रॅम लावली म्हणजे ती ३२०० ने धावेलच असं नाही. बरेच बोर्ड सुरुवातीला सावध, कमी वेगाने सुरू होतात. बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन एक्सएमपी नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं. हे न केल्यामुळे वर्षानुवर्षं कमी वेगात चालणारी मशीनं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या मालकांना त्याचा पत्ता नसतो. सीएल, म्हणजे मागितल्यावर रॅम किती ठोक्यांनी उत्तर देते, त्या आकड्याचा बाऊ मात्र करू नका. ३२०० वर सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल२२ म्हणजे पावणेचौदा. फरक आहे, पण आधी दोन पट्ट्या, मग प्रोफाइल, आणि मग उरलीच हौस तर सीएल.

साठवणुकीचं माझ्या कामातलं गणित गमतीचं आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक माइक: सेकंदाला १४४ हजार बाइट. तासाला अर्धा जीबी. एवढं तर वीस वर्षांपूर्वीची हार्ड डिस्कही झोपेत लिहील. मग एसएसडी हवी कशाला? ध्वनीचा बफर, म्हणजे एका वेळी हाताळायचा घास, मी २५६ नमुन्यांचा ठेवते. म्हणजे दर ५.३ मिलिसेकंदांनी प्रोसेसरला पुढचा घास तयार लागतो, नाहीतर कानात 'टक्' असा आवाज येतो. बारा मिलिसेकंद शोधात घालवणारी डिस्क ही मुदत पाळूच शकत नाही, म्हणून सॉफ्टवेअर पुढचा भाग आधीच रॅममध्ये आणून ठेवतं आणि वेळ निभते. हाल होतात ते प्रकल्प उघडताना. एका पुस्तकात शेकडो छोटे तुकडे, प्रत्येकाच्या लहरीचं चित्र साठवणारी वेगळी फाइल. हार्ड डिस्कवर प्रत्येक तुकड्यासाठी डोकं सरकणं आलं, फेऱ्याची वाट पाहणं आलं. एसएसडीवर हलणारं काही नाहीच. तेच पुस्तक हार्ड डिस्कवर उघडताना मी उठून पाणी पिऊन यायचे, आता खुर्ची सरकवेपर्यंत उघडलेलं असतं.

एसएसडी मात्र दिसते तितकी साधी वस्तू नाही. तिच्यात माहिती म्हणजे एका बंदिस्त थरात अडकवलेले इलेक्ट्रॉन. टीएलसी प्रकारात एका पेशीत ३ बिट बसवायचे म्हणून भाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, क्यूएलसीत ४ बिटांसाठी १६. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितकं लिहिणं सावकाश आणि झीज जास्त. शिवाय लिहिता येतं छोट्या पानांत, पण पुसता येतो तो अख्खा ब्लॉक, म्हणजे अनेक पानांचा गठ्ठा. त्यामुळे आतला कंट्रोलर रिकाम्या वेळात माहिती इकडची तिकडे करून ब्लॉक मोकळे करत बसतो. एसएसडी गच्च भरली की त्याला हात हलवायला जागा उरत नाही आणि वेग कोसळतो. मी पाचवा हिस्सा कायम मोकळा ठेवते. मोठी फाइल कॉपी करताना सुरुवातीला भराभर पळून मध्येच सुस्तावणं हेही दोष नसून रचना आहे: आधी एका पेशीत एकच बिट लिहून पटकन मोकळं व्हायचं, ती राखीव जागा संपली की मग मूळ, सावकाश पद्धत. माझी एसएसडी चौथ्या पिढीची आहे, ५६००जी तिला तिसऱ्या पिढीच्या चार मार्गिकांवर चालवतो, म्हणजे सेकंदाला ३.९ जीबीची कमाल मर्यादा. खोक्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा हे खूप कमी. कामात फरक शून्य. लहान-लहान तुकडे शोधण्यातला विलंब पिढी बदलल्याने फारसा घटत नाही, आणि मला त्याच विलंबाशी कर्तव्य आहे.

आता आवाज. हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. ती कॅबिनेटच्या पत्र्याला घट्ट स्क्रूने आवळली असेल तर पत्रा १२० हर्ट्झला गुणगुणतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना हा आकडा वाचूनच कसंतरी होईल. ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा नेहमीचा फिल्टर त्याला हातही लावत नाही, आणि फिल्टर वर सरकवला तर पुरुषी आवाजाचा पायाच कापला जातो. मी डिस्क रबरी बुचांवर बसवली आणि पाच मिनिटं कोणी हाक मारली नाही तर तिने झोपावं अशी सेटिंग केली. ती आता फक्त झालेल्या कामाच्या साठवणीला आहे. मुद्रण चालू असताना तिच्याकडे कोणी जात नाही, त्यामुळे ती फिरत नाही.

प्रोसेसरसोबत आलेला पंखा वाईट नाही, हे ठामपणे सांगते, कारण त्याच्याविषयी नको इतकी कुजबूज असते. गडबड बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये असते. नुसतं ब्राउझर उघडलं तरी हा प्रोसेसर क्षणभर वेग वाढवतो, तापमान झटक्यात दहा-पंधरा अंशांनी उडी मारतं, परत खाली येतं. बोर्ड प्रत्येक उडीमागे पंख्याला पळवतो. एकसंध घरघर कान विसरतो, पण ही वरखाली होणारी घूंऽघूं विसरता येत नाही. बायोसमध्ये पंख्याचा आलेख ६० अंशांपर्यंत सपाट ठेवला आणि वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायला सांगितलं की प्रश्न मिटतो. घाबरायचं कारण नाही, या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, सत्तर-पंचाहत्तर ही त्याची रोजची मजुरी. पंखा चार तारांचा असेल तर उत्तम. चौथ्या तारेवरून जाणारा वेगाचा इशारा २५ किलोहर्ट्झचा असतो, म्हणजे माणसाच्या कानाच्या पलीकडचा.

थर्मल पेस्ट ही प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा धातू यांच्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा भरायला असते. धातूपेक्षा तिची उष्णता वाहण्याची ताकद कमीच, पण त्या खाचांत हवा राहण्यापेक्षा कितीतरी बरी. वाटाण्याएवढा थेंब पुरतो. काढताना मात्र सांभाळा: एएम४ सॉकेटच्या (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेच्या) या जातीत १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, सॉकेटमध्ये नाहीत. पेस्ट वाळून चिकटलेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला तर सोबत प्रोसेसर उपटून येतो, पिना वाकतात. आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर हलकेच पिळून सोडवा.

एसएमपीएसवर माझा राग आहे. भिंतीतली वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट बनवतो. पण प्रोसेसरला लागतात सव्वाच्या आसपास व्होल्ट. ती अखेरची उतरण मदरबोर्डावर, प्रोसेसरच्या कडेला दिसणाऱ्या काळ्या चौकोनी कॉइलांच्या रांगेत होते. पूर्ण जोरात असताना हा प्रोसेसर ८८ वॉटपर्यंत घेऊ शकतो, सव्वा व्होल्टला म्हणजे ७० अँपिअर! बोर्डाची किंमत कशात जाते असं कोणी विचारलं की मी ती रांग दाखवते. या कॉइलांतून प्रवाह वेगाने कमी-जास्त होतो तेव्हा त्या सूक्ष्मपणे थरथरतात, आणि थरथर कानाच्या पट्ट्यात आली की किणकिणतात. माझ्या एसएमपीएसच्या आतली एक कॉइल लांब पान स्क्रोल करताना बारीक चिरकते. बदलून मागितला तर विकणाऱ्याचं उत्तर: हा बिघाड नाही. कागदोपत्री त्याचं बरोबर असेलही. माइक दोन हातांवर असताना मला त्याचा उपयोग नाही, म्हणून कॅबिनेट टेबलाखाली पलीकडच्या कोपऱ्यात गेलं.

ब्राँझ या शिक्क्याबद्दल एवढंच: तो २०, ५० आणि १०० टक्के भारावर तपासून दिला जातो. माझं मशीन मजकूर वाचताना चाळीसेक वॉट घेतं, म्हणजे ४५० च्या दहा टक्क्यांहूनही कमी. शिक्का ज्या पट्ट्यासाठी आहे, त्याच्या खालीच मी दिवसाचा बराच वेळ असते. म्हणून ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला ७५० वॉटचा एसएमपीएस सुचवणाऱ्यांचं ऐकू नका.

मदरबोर्डावर फार लिहिण्यासारखं नाही, एक गोष्ट सोडून. प्रोसेसरमधून १६ मार्गिका ग्राफिक्सच्या लांब जागेला, ४ पहिल्या एम.टू जागेला (बोर्डावर एसएसडी बसते ती खाच) आणि ४ चिपसेटला जातात. बाकी सगळे, म्हणजे साटा (हार्ड डिस्कची केबल लागते ती जोडणी), नेटवर्क, बरेचसे यूएसबी, दुसरी एम.टू जागा, त्या शेवटच्या चारांवर वाटून खातात. मागच्या काही यूएसबी जागा मात्र थेट प्रोसेसरला जोडलेल्या असतात. माझा ऑडिओ इंटरफेस (माइक मशीनला जोडणारी पेटी) तिथे लावलेला आहे. बोर्डावरची ध्वनिचिप ऐकायला ठीक, पण आजूबाजूच्या विजेच्या गोंगाटात बसलेली असल्यामुळे मुद्रणासाठी मी ती वापरत नाही. आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा बराच वेळ काळा राहिला तर घाईने बंद करू नका. एसएमपीएस वीज स्थिर झाल्याचा इशारा देतो, प्रोसेसर बायोसच्या चिपमधून सुरुवातीच्या सूचना उचलतो, आणि मग नव्या रॅमशी वेळ जुळवत बसतो. त्याला वेळ लागतो.

घ्यावा का? बोललेल्या शब्दाचं, लेखनाचं, हिशेबाचं, अक्षरजुळणीचं काम असेल तर डोळे मिटून. पुढे मोठं ग्राफिक्स कार्ड लावायचा बेत असेल तर नको, तेव्हा जी नसलेला ५६०० बरा. एएम४ ही वाटही संपत आली आहे: २०२२ मध्ये एएम५ आलं, पिना सॉकेटमध्ये गेल्या, रॅम डीडीआर५ झाली, या बोर्डावर त्यातलं काही बसणार नाही. नव्याने सगळंच घेणाऱ्याने तिकडे बघावं. ज्याच्याकडे जुनी डीडीआर४ पडून असेल त्याने इकडे.

आता दुसऱ्या एम.टू जागेत आणखी एक एसएसडी टाकायची आहे. पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलंय की ती जागा भरली की पाचवं आणि सहावं साटा बंद होतं. हार्ड डिस्क नेमकी पाचव्यावर आहे, तेवढी केबल पहिल्यावर सरकवायची.